चांगला साप

"सुनंदा, ओरत्तनाडूची बस किती वाजता?"

आज सकाळी फोनवर एवढाच निरोप आला, आवाजात रेकॉर्ड केलेला. पद्माक्का मला लिहून काही पाठवत नाही. ती मराठी लिहिते ती तमिळ अक्षरांत, आणि मला ती अक्षरं म्हणजे ताटात पसरलेली चकली वाटते. हे मी एकदा तिला तोंडावर सांगितलं होतं. ती म्हणाली, "तुझी अक्षरं काय मोठी! दोरीवर वाळत घातलेली चड्ड्या-बनियनं." तेव्हापासून आम्ही एकमेकींना आवाज पाठवतो.

निरोप पाच शब्दांचा. मी तो सहा वेळा ऐकला आणि मग नवऱ्याला ऐकवला. तो म्हणाला, "बसची वेळ विचारतेय. त्यात काय एवढं?" नवऱ्यांना नाटकातलं फक्त मध्यंतर कळतं. गेलं वर्षभर या बाईनं 'बस' हा शब्द माझ्यासमोर उच्चारला नव्हता.

बाहेर पाऊस कोसळतो आहे. आपल्याकडे सांगलीला कार्तिक म्हणजे कोवळं ऊन, काकडआरती, कपाटातून काढलेले स्वेटर. इथे तंजावरात महिन्याचं नाव तेच, आकाश मात्र उलटं. परतीचा म्हणून आपण ज्याला निरोप देतो, तो पाऊस पाहुणा म्हणून इथे येतो आणि जावयासारखा राहतो. भाताच्या खाचरांत पाणी मावत नाही, बेडूक रात्रंदिवस तालमी करतात, आणि बरोबर याच वासानं, ओल्या मातीच्या आणि कुजक्या पानांच्या वासानं, मला मागचा कार्तिक आठवतो. गेल्या वर्षी याच दिवसांत मी माझी या गावातली एकुलती एक मैत्रीण गमावली होती. निदान मला तसं वाटलं होतं.

नवऱ्याची बदली झाली म्हणून मी इथे आले, तेव्हा बावन्न वर्षांची होते. सांगलीत हौशी नाटकं केलेली बाई मी. समोर माणूस नसेल तर मी भिंतीशी बोलते, पण भिंतीला निदान मराठी तरी यायला हवं. तमिळमध्ये मला 'मीठ' आणि 'पुरे' एवढंच येत होतं. असे तीन महिने गेले. मग एकदा राजवाड्यामागच्या गल्लीत भाजीवालीशी खाणाखुणा करत असताना मागून आवाज आला, "कायला एवढं हात हलवतीस, मा? वांगी पाहिजेत की नृत्य शिकवतीस?"

मी वळले. कॉटनची साडी, केसांत अबोली, खांद्यावर छत्री. साठीची बाई. तिच्या घराण्यानं महाराष्ट्र सोडून कित्येक पिढ्या झाल्या होत्या. तिनं स्वतः पुणं-सातारा नकाशातही नीट पाहिलं नव्हतं, पण मराठी तिच्या घरात टिकून होती, जुन्या तांब्याच्या भांड्यासारखी, आकार थोडा चेपलेला, आवाज खणखणीत. 'सगळं' म्हणायला ती 'अस्की' म्हणायची. मी तिथेच भर गल्लीत तिला मिठी मारली. भाजीवालीनं वांगी फुकट दिली, दया येऊन.

पद्माक्का शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली. दर गुरुवारी ती ओरत्तनाडूच्या बसनं जाऊन एका फाट्यावर उतरायची आणि कालव्याच्या कडेनं चालत देवराईत जायची. अय्यनारची राई. अय्यनार म्हणजे गावाच्या वेशीचा राखणदार देव. झाडांखाली त्याचे मातीचे घोडे उभे, माणसाहून उंच, कान तुटलेले, पाठीवर शेवाळ. आत मोह, करंज, जांभूळ, अर्जुन आणि एवढा मोठा वड की आपल्याकडे त्याच्या सावलीत अख्खं नाट्यसंमेलन भरलं असतं. नियम दोन. आतली वाळकी काडीही उचलायची नाही, आणि वेशीवर चपला काढायच्या.

"येतीस?" तिनं विचारलं.

"येते," मी म्हणाले.

"भितीस काय?"

"कशाला?"

"नाही, आधी विचारते. भित्र्या बायांना मी नेत नाही. शेजारची एक आली होती, सुरवंट बघून अशी किंचाळली की घुबड दिवसा उडालं. दुसरी होती बँकेतली, ती अस्की वाट डोळे मिटून चालली. दोघींना पुन्हा बोलावलं नाही."

आता एक कबुली. मला सापाची भीती वाटते. भीती हा शब्दही तोकडा पडतो. शाळेत जीवशास्त्राच्या पुस्तकातली सापाची दोन पानं मी खळ लावून एकमेकांना चिकटवली होती, आणि त्या धड्यावरच्या प्रश्नाचे गुण हसत सोडले होते. पण तीन महिने मुकी राहिलेल्या बाईला कुणी मराठीत 'येतीस?' म्हणून विचारलं, तर ती विहिरीतसुद्धा उतरेल. मी छाती काढून म्हणाले, "आम्ही सांगलीच्या. कृष्णेकाठच्या. आम्ही कशालाही भीत नाही." टाळ्या पडायला हव्या होत्या, इतकं छान म्हणाले.

पहिल्या दिवशी वेशीवर चपला काढल्या तेव्हा पायाच्या बोटांनीच माझ्याकडे वळून पाहिलं. चार पावलं गेल्यावर मी, भाजीचा भाव विचारावा तसं, सहज विचारलं, "पद्माक्का, इथं जनावरं असतील का गं?"

आपण रानात सापाला साप म्हणत नाही. जनावर म्हणतो, लांबडं म्हणतो. नाव घेतलं की येतो.

"जनावरं? पुष्कळ!" ती आनंदानं म्हणाली. "सकाळी तर कळपच येतो."

"कळप?"

"तीस-चाळीस तरी. घंट्या वाजवीत."

मी थांबले. "घंट्या?"

"गळ्यात बांधतात ना. नाहीतर हरवतील. एक पांढरं आहे, फार लाडिक. पायाला अंग घासतं. दूधही चांगलं."

दूध म्हटल्यावर मला नागपंचमी आठवली आणि घेरी आली. एवढ्यात वडाच्या पलीकडून खरोखरच घंटा वाजली आणि चाळीस शेळ्या आल्या. पांढरी माझ्या पायाला अंग घासून गेली. मी तिच्या गळ्यात पडून रडले नाही, एवढंच. तिला 'जनावर' म्हणजे गाई-शेळ्याच माहीत होत्या आणि मला ते समजावून सांगता येईना. सांगायचं तर मी काय विचारत होते तेही सांगावं लागलं असतं, आणि मग माझा तिसरा नंबर लागला असता.

म्हणून मी दर गुरुवारी जात राहिले. दर गुरुवारी मरून परत येत राहिले, आणि मधल्या दोन तासांत, मला नकळत, जगूही लागले.

पद्माक्का चालायची कमी, थांबायची जास्त. एकेका झाडाशी दहा-दहा मिनिटं. डोळे मिटून हात लाव, म्हणायची, कोण ते सांग. अर्जुनाचं अंग गुळगुळीत, गार, आंघोळ करून आलेल्या माणसासारखं. मोहाचं खरबरीत, भेगाळलेलं, शेतावरून परतलेल्या माणसाच्या टाचेसारखं. करंजाचा ताजा मोहोर पायाखाली आला की चुरमुऱ्यावर चालल्यासारखं वाटे. मी पायाखाली पाहायची ती भीतीनं. पण सतत खाली पाहणाऱ्या माणसाला जे दिसतं ते बेडरांना दिसत नाही. मुंग्यांनी रातोरात बांधलेली वेस. लाल मखमली किडा. पानाच्या उलट्या बाजूला लटकून झोपलेली गोगलगाय. पद्माक्का म्हणायची, "तुझी नजर कशी गं बारीक!" मी लाजून 'हं' करायची. खोट्या धैर्याची एवढी खरी कमाई कुणी केली नसेल.

आणि सातभाई. मातकट रंगाचे, सतत भांडणारे, घोळक्यानं फिरणारे ते पक्षी. त्यांचं रोजचं भांडण वेगळं आणि धोक्याचा कलकलाट वेगळा, हे तिनं शिकवलं. रोजचं भांडण म्हणजे नळावरचं. धोक्याचं म्हणजे सगळे एकाच जागेकडे तोंड करून, एका सुरात. "तसं ऐकलंस तर पाय उचलू नकोस," ती म्हणाली होती.

मग गेल्या वर्षीचा कार्तिक आला. आठवडाभर पावसानं डोळा उघडला नाही. खाचरं भरून बांधांवरून पाणी वाहू लागलं आणि देवराई, जी एरवी आजूबाजूच्या जमिनीपेक्षा जेमतेम कमरेएवढी उंच, ती बेट झाली. पाणी नको असलेलं जे जे होतं ते वर चढलं. मुंग्या आल्या, खेकडे आले, मुंगूस आलं, बेडूक तर पायात लुडबुडत होते. आणि बेडूक जिथे जातात तिथे त्यांच्या मागून कोण जातं, हा हिशेब मी बसमध्येच करून बसले होते.

"आज नको जाऊ या का?" मी वेशीवर म्हणाले.

"का?"

"चिखल आहे."

"चिखलाला भितीस?"

मी चपला काढल्या.

आत उजेड शेवाळी होता. झाडांवरून थांबून थांबून पाणी ठिबकत होतं, प्रत्येक थेंब खालच्या पानावर पाऊल वाजवल्यासारखा. पद्माक्का पुढे, मी मागे. आम्ही मोहाच्या मोठ्या झाडाशी आलो आणि सातभाई सुरू झाले. नळावरचं भांडण नव्हतं. सगळे एकाच जागेकडे तोंड करून, एका सुरात.

पद्माक्का थांबली. तिची पाठ ताठ झाली. मान न वळवता, ओठ न हलवता ती म्हणाली, "चांगला साप."

माझ्या कानांवर विश्वास बसेना. चांगला! म्हणजे धामण असेल, नाहीतर पाण्यातला दिवड. बिनविषारी, गरीब, शेतकऱ्याचा मित्र. आयुष्यभर ज्या प्रसंगाला घाबरले तो आला आणि नेमका सौम्य होऊन आला! मला एवढा हर्ष झाला की अंगात नाटक संचारलं. आता हिला दाखवूच, म्हटलं, कृष्णाकाठ काय चीज आहे. मी तिच्या बाजूनं एक पाऊल पुढे टाकलं, किंचित वाकले आणि म्हणाले, "कुठाय? बघू तरी."

दीड हातावर मुळांच्या बेचक्यातून तो उभा राहिला. आधी मला फक्त उंची दिसली. मग रुंदी. मग फण्यामागून आलेला उजेड, त्या कातडीतून थोडासा आरपार.

किंचाळायला श्वास लागतो. माझ्याकडे नव्हता. पद्माक्काच्या हातानं माझं मनगट धरलं होतं, बांगडी रुतेल इतकं घट्ट. थेंब पडत होते. एक बेडूक माझ्या पायावरून गेला आणि मी त्याला जाऊ दिलं. सातभाई ओरडत होते. तो किंचित डोलला, पाहत राहिला, पाहत राहिला. आणि मग त्याला आमचा कंटाळा आला असावा. दिवा मंद करावा तसा फणा मिटला, आणि मुळांखालून तो ओघळून गेला. शेवटी शेपूट. शेपूट फार वेळ जात होतं.

मी चिखलात बसले.

"चांगला म्हणालीस तू!"

"मग काय वाईट म्हणू? त्याला ऐकू जातं!"

"अगं, तो नाग होता! नाग!"

"नाव घेऊ नकोस! तमिळमध्ये तो चांगलाच. नल्ल पाम्बु. आम्ही घरीही तेच म्हणतो. चांगला साप."

"मग मला आधी सांगायचं नाही?"

"कधी सांगू? तो उभा असताना तुला व्याकरण शिकवू?" आणि मग ती थांबली. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "सुनंदा, तू भितीस?"

तेव्हा सगळं बाहेर पडलं. चिकटवलेली पानं, जनावर, शेळ्या, दर गुरुवारचं मरण. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही.

"तू भीत नाहीस म्हणून मी मागे पाहिलं नाही," ती म्हणाली. "भितीस हे माहीत असतं तर हात आडवा घातला असता. तू माझ्यापुढे पाऊल टाकलंस. माझ्यापुढे."

बसमध्ये ती दोन आसनं सोडून बसली. निघताना आपण 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो, तमिळमध्येही तसंच. राजवाड्याच्या थांब्यावर ती उतरली आणि काहीच म्हणाली नाही.

त्या दिवसांत मी त्या दोन नावांचा फार विचार केला. आपण त्याला जनावर म्हणतो, म्हणजे तो साधा कुणीतरी व्हावा. ते त्याला चांगला म्हणतात, म्हणजे तो तसा वागावा. माणसानं भीतीला टोपणनावं ठेवली आणि ती दोन गावची टोपणनावं माझ्या एका पावलाखाली भेटली. तिसरं टोपणनाव माझं स्वतःचं होतं: आम्ही कशालाही भीत नाही.

दहा दिवस निरोप नाही. अकराव्या दिवशी मीच तिच्या घरी गेले. दार तिच्या यजमानांनी उघडलं आणि हळू आवाजात म्हणाले, "बरं झालं आलात. परसात जाईना झालीय. तुळशीला पाणी मी घालतो."

पद्माक्का स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली होती, पाय वर घेऊन. शेजारी काठी. पायपुसणं काठीनं उलटून बघितल्याशिवाय ती खाली पाय ठेवत नव्हती.

"रागावलीस?" मी विचारलं.

"पहिले दोन दिवस." तिनं पाय आणखी जवळ घेतले. "चाळीस वर्षं जाते गं मी तिथं. कात बघितली, वारूळ बघितलं. तो कधी दिसला नव्हता. चांगला साप म्हणायचं हे आईनं शिकवलं, पण म्हणायची वेळच आली नव्हती. मी भीत नाही असं वाटायचं मला. आता पाय उचलत नाही, सुनंदा."

दोन बायांना तिनं भित्र्या म्हणून परत पाठवलं होतं आणि तिसरी आता ती स्वतः होती.

मग वर्षभर आम्ही तिच्या स्वयंपाकघरात भेटलो. कॉफी उत्तम होती. पण झाडांखाली जी बाई दोन तास बोलायची ती भिंतींत दहा मिनिटांत संपायची. तिनं कढीपत्त्याबद्दल बोलावं, मी नवऱ्याच्या बदलीबद्दल. दर आठवड्याचं भेटणं महिन्यावर गेलं. मैत्री मोडत नव्हती, नुसती वाळत होती, आणि वाळणाऱ्या गोष्टीचा आवाज येत नाही.

उन्हाळा सरल्यावर एका गुरुवारी मी एकटी गेले. शौर्य वगैरे काही नाही. मी पूर्ण वाट रामरक्षा म्हणत गेले, आणि वेशीच्या आत फक्त वीस पावलं. तिथे उभी राहून फोन समोर धरला आणि राई रेकॉर्ड केली. वाऱ्यात करंज, लांबचा भारद्वाज, सातभाईंचं नळावरचं भांडण. ते तिला पाठवलं. तिनं ऐकल्याची खूण आली, उत्तर नाही. पुढच्या गुरुवारी पुन्हा. मग पुन्हा. कालच्या निरोपात पावसाचं टपटपणं होतं, बेडूक होते, आणि सगळ्यांत मोठ्यानं माझाच धापा टाकणारा श्वास होता. पुसून टाकावा म्हटलं, पण घाईत तसाच गेला.

आणि आज सकाळी: बस किती वाजता?

नवाची बस. आम्ही शेजारी बसलो. वेशीवर तिनं चपला काढल्या आणि उभी राहिली. पाऊस नुकता थांबलेला. पाच मिनिटं गेली असतील. शेळ्या घेऊन जाणारी एक म्हातारी 'काय झालं' म्हणून पाहून गेली.

"तू पुढे हो," पद्माक्का म्हणाली.

"मला भीती वाटते," मी म्हणाले. या वेळी कुठलाही अभिनय न करता.

"माहीत आहे. काल श्वास ऐकला ना तुझा. म्हणून तर आले." तिनं माझ्या पदराचं टोक मुठीत धरलं. "जो भितो तो नीट बघून चालतो. चल."

"ओढू नकोस फार. नवी साडी आहे."

मी पुढे झाले. प्रत्येक पाऊल मी आधी डोळ्यांनी टाकत होते, मग पायानं. मागे पदराला तिची ओढ. ओढ वाढली की मी थांबायची, सैल झाली की निघायची. घोडे आले. वड आला. मोहाच्या झाडापाशी दोघी एकदमच थांबलो. मुळांच्या बेचक्यात पाणी साचलं होतं आणि त्यात एक पान फिरत होतं. बाकी काही नव्हतं. आम्ही वळसा घालून पुढे गेलो.

दहा-बारा पावलांवर माझ्या पाठीमागे पाला सळसळला.

जमिनीवरच. एकदा. मग थांबून पुन्हा. आणि त्याच वेळी पदर सैल पडला.

माझे पाय जागीच रुतले. मान वळवायचं धैर्य होईना. पदर नुसता लोंबत होता, त्याला कुणी धरलेलं नव्हतं. मी हळूच हाक मारली, "पद्माक्का?" उत्तर नाही. पाला पुन्हा सळसळला. मी मान एकेक अंश करत वळवली.

पद्माक्का वाटेत उकिडवी बसली होती, त्या कुजक्या पाल्याच्या अगदी तोंडाशी, दोन्ही हात स्वतःच्या गुडघ्यांवर. समोर दोन हातांवर एक आखूड शेपटीचा पक्षी चोचीनं पानं उलटी करत होता. पाठ हिरवी, पंखांवर निळा तुकडा, पोटाखाली लाल, डोळ्यावरून काळा पट्टा. एक पान उलटायचं, खाली बघायचं, ते टाकून दुसरं उचलायचं.

"कोण गं हा?" तिनं ओठांनीच विचारलं.

मी ओळखला. "नवरंग," मी कुजबुजले. "आमच्याकडचा. मृगात डोंगरातल्या झाडीत येतो, पाऊस संपला की नाहीसा होतो. कुठे जातो ते मला माहीतच नव्हतं."

पद्माक्कानं त्याच्यावरून नजर काढली नाही. पाय चिखलात घोट्यापर्यंत बुडले होते, त्याचं तिला भानही नव्हतं.

"इथं येतो," ती म्हणाली. "गप्प बस आता. जेवतोय तो."